पाचोळ्याची आग

माघ सरत आला की आमच्या जयनगरातील रस्त्यांवर पानगळ सुरू होते. १९४८ साली वसू लागलेल्या या नगराच्या आखणीत वृक्षांना सढळ हाताने जागा ठेवलेली असल्यामुळे सकाळी झाडलेला रस्ता दुपारपर्यंत पुन्हा पाचोळ्याने भरून जातो. त्या पाचोळ्याचे ढीग कोणी पेटवू नयेत असा शहराचा नियम आहे. नियम रास्त आहे. कारण दाट वस्तीत धुराला जाण्यास वाट नसते व तो म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या छातीत साठतो. परंतु शहरात रास्त ठरलेला नियम अरण्यातही रास्तच ठरेल असे नाही. जयनगराच्या कडेने निघणारा कनकपुरा रस्ता पुढे मळवळ्ळी, कोळ्ळेगाल करीत ज्या बिळिगिरिरंगन डोंगरांकडे नेतो, तेथील पाचोळाही गेली पन्नास वर्षे अशाच एका नियमाखाली पडून आहे, आणि तेथे त्याचे फळ अगदी निराळे आले आहे. ते कसे, आणि हा नियम मुळात आला कोठून, याचा थोडा शोध येथे घ्यावयाचा आहे.

मराठी भाषेला दोन आगी माहीत आहेत. एक वणवा. तो कोठून आला हे कोणी सांगत नाही, आणि कोठे थांबेल हे कोणी सांगू शकत नाही. दुसरी आग राबाची. कोकणातील व घाटमाथ्यावरील शेतकरी भाताचा तरवा टाकण्यापूर्वी वाफ्यावर शेण, तोडलेली कवळे, वाळले गवत आणि पालापाचोळा यांचे थर रचतो, वर मातीचा पातळ थर देतो आणि उन्हाळ्यात वारा पडलेला पाहून तो सारा थर भाजून काढतो. तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. या क्रियेला तो ‘राब भाजणे’ म्हणतो. ‘आग लावणे’ म्हणत नाही. वणव्याला मालक नसतो. राबाला मालक असतो, ठरलेली वेळ असते, आखलेली मर्यादा असते आणि तो धुमसत असेपर्यंत जागचा न हलणारा राखणदार असतो. भाषेने हा भेद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. कायद्याने तो सांभाळला नाही, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मूळ येथेच आहे.

हिंदुस्थानात वनखाते उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. जयनगराच्या वेशीला लागून असलेल्या लालबागेचे रूपांतर १८५६ साली सरकारी वनस्पतिउद्यानात झाले, त्यामागे ज्या ह्यू क्लेगहॉर्न यांचा सल्ला होता, तेच त्याच वर्षी मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगरउतारावरील झाडोरा तोडून व जाळून नाचणी-वरी पेरण्याच्या ज्या पद्धतीला आपल्याकडे कुमरी किंवा दळी म्हणत, तिचे ते कडवे विरोधक होते. पुढे १८६४ मध्ये सर्व हिंदुस्थानासाठी वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिच ब्रँडिस हे पहिले वनमहानिरीक्षक नेमले गेले. ब्रँडिस, त्यांच्यामागून आलेले श्लिश आणि त्यांच्याही मागून आलेले रिबेनट्रॉप, हे तिघेही जर्मन होते. योगायोग म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. ज्या देशात बारा महिने थोडीबहुत ओल असते, सहा महिने कोरडे आणि चार महिने धुवाधार असा ऋतूंचा खेळ नसतो, त्या देशातील अरण्यविद्येला आग हा केवळ अपघात वाटतो. आमच्या पानझडी रानांत मात्र आग ही उन्हाळ्याइतकीच जुनी आहे. जर्मन भूमीत शिकलेले शास्त्र येथील रानास जसेच्या तसे लावण्यात आले आणि ‘आगीपासून संरक्षण’ हा नव्या खात्याचा जणू पहिला धर्म ठरला.

त्या धर्माची पहिली परीक्षा मध्य प्रांतात झाली. नागपूर ज्याची राजधानी होती त्या या प्रांताचे वनसंरक्षक कर्नल पिअरसन यांनी १८६४ च्या सुमारास सातपुड्यातील बोरीच्या सागवनात आग येऊ न देण्याचा प्रयोग केला. एवढ्या विस्तीर्ण रानातून उन्हाळाभर आग दूर ठेवता येईल यावर त्या काळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. पिअरसन यांनी रानाभोवती पट्टे साफ करविले, पहारे बसविले आणि रान वाचविले. बोरीचा प्रयोग यशस्वी झाल्याबरोबर तोच कित्ता देशभर गिरविला जाऊ लागला. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरविला. १९२७ च्या अधिनियमाच्या २६ व्या कलमाने तोच गुन्हा कायम ठेवला. याच अधिनियमाचे ७९ वे कलमही वाचण्यासारखे आहे. जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्याने आग विझविण्यासाठी खात्याच्या मदतीस धावले पाहिजे असे ते सांगते. म्हणजे आग लावण्याचे ज्ञान ज्याच्याकडे होते त्याला ती लावण्याची बंदी, आणि विझविण्याची सक्ती!

सरकारी कचेरीत दिवस घालविणाऱ्या आम्हांस रकान्याचे सामर्थ्य चांगले ठाऊक आहे. वनखात्याच्या त्या काळच्या वार्षिक अहवालांत एक कोष्टक असे : किती चौरस मैलांचे आगीपासून रक्षण करण्याचा प्रयत्न झाला, त्यात यश किती, अपयश किती. एकदा असा रकाना आखला गेला की तो भरणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक आग ही अपयशाच्याच बाजूला पडते. आग कोणत्या महिन्यात लागली, ज्वाळा किती उंच होत्या, झाडे मेली की केवळ पाचोळा जळला, हे विचारणारा रकाना त्या कोष्टकात नव्हता. जे रकान्यात नाही ते हळूहळू दृष्टीतूनही जाते. अरण्याचे तसेच झाले.

लोकांनी हे मुकाट्याने सोसले असे मात्र नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्याने गायराने व डोंगर घशात घातल्याची तक्रार तिखट शब्दांत केली. राबासाठी लागणाऱ्या कवळांवरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला एक वन आयोग नेमावा लागला, आणि १८८७ पर्यंत त्याचे काम चालले. भाताच्या वाफ्यावर चार टोपल्या पाला भाजावा की नाही, या प्रश्नाने इलाख्याचे सरकार दोन वर्षे गुंतून पडले, ही गोष्ट आज काहीशी गमतीची वाटते. पण शेतकऱ्याला तीत गंमत दिसणे शक्य नव्हते. तिकडे हिमालयाच्या पायथ्याला, कुमाऊँत, १९२१ च्या उन्हाळ्यात लोकांनी सरकारी चीडवने पेटवून दिली. गवत यावे म्हणून पूर्वी जी आग ते जपून लावीत, ती बंद केल्यावर त्यांच्या हाती रागाची आग उरली. सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिच्या शिफारशींतूनच पुढे १९३१ मध्ये तेथे वनपंचायतींचा मार्ग मोकळा झाला.

याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे खात्याच्या आतूनही शंका उठली. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्याच कारभारात होता. तेथील एक वनाधिकारी स्लेड यांनी १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ या खात्याच्याच मासिकात लिहिले की ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण अति झाले आहे. त्यांचे म्हणणे साधे होते. सागाचे बी कठीण कवचाचे. उन्हाची व आगीची धग लागली तर ते रुजते. सागाचे रोप जळाले तरी मुळापासून पुन्हा फुटते. त्याच्याशी स्पर्धा करणारी झाडे मात्र फुटत नाहीत. आग थांबविल्याबरोबर बांबू आणि सदाहरित झुडपे माजली, आणि ज्या सागासाठी एवढा खटाटोप केला त्याचीच नवी पिढी उगवेनाशी झाली. प्रथम या लेखावर टीकेची झोड उठली. तथापि पुढील दहा-बारा वर्षांत ब्रह्मदेशातील ओलसर सागवनांतून अग्निसंरक्षण मागे घेण्यास आरंभ झाला. बंगालच्या दुआर भागातील सालवनांतही असाच अनुभव आला : आग थांबली, तशी सालाची रोपे दिसेनाशी झाली. मग तेथे खात्याने स्वतःच, ठरवून, मोजून जाळणी सुरू केली. म्हणजे ज्याला आज शास्त्रीय परिभाषेत नियोजित आग म्हणतात, तिची चर्चा या देशात सव्वाशे वर्षांपूर्वीच झालेली होती. अमेरिकेने १९१० च्या महावणव्यानंतर प्रत्येक आग विझविण्याचा चंग बांधला. लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे, असा दंडक तेथील वनखात्याने १९३५ मध्ये घालून दिला, आणि १९६८ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानांना तो मार्ग सोडावा लागला. आपण तो धडा त्यांच्या आधी वाचला होता, आणि त्यांच्या आधीच विसरलो.

विसरलो असे म्हणण्याचे कारण स्वातंत्र्योत्तर काळात आहे. आता पुन्हा बिळिगिरिरंगन डोंगरांकडे वळू. चामराजनगर जिल्ह्यातील हे डोंगर म्हणजे सुमारे ५४० चौरस किलोमीटरांचे रान आहे. पूर्व घाट व पश्चिम घाट यांना जोडणारा तो जणू पूल आहे. कड्यावर रंगनाथाचे मंदिर आणि सभोवार सोलिग या आदिवासी समाजाच्या वस्त्या. या रंगनाथाने सोलिगांच्या कुसुमाले नावाच्या मुलीशी लग्न केले अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे ते देवाला ‘रंगभाव’, म्हणजे आपल्या भाषेत रंगभावोजी, म्हणतात. देवाशी सोयरीक सांगणाऱ्या या लोकांचे रानाशीही तसेच घरोब्याचे नाते होते. त्यांच्या बोलीत ‘तरगु’ म्हणजे पाचोळा व ‘बेंकी’ म्हणजे आग. कोरड्या ऋतूच्या आरंभी, पाचोळा पडला आहे पण मातीत ओल आणि पहाटे दव आहे अशा वेळी, ते रानातील पाचोळा पेटवीत. ही तरगु बेंकी जमिनीलगत सरपटत जाई, मोठ्या झाडाच्या सालीला फारसा धक्का लावीत नसे आणि दव पडू लागले की आपोआप निवे. गवत ताजे येई, वाटा मोकळ्या होत, कंद खणणे व मध गोळा करणे सुकर होई आणि दूरवरचा हत्ती दिसे. स्वतः सोलिग समाजातून आलेले अभ्यासक डॉ. सी. मादेगौडा यांनी आपल्या समाजाच्या या परंपरागत ज्ञानाविषयी २००९ साली सविस्तर लिहिले आहे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्याच्या ३० व्या कलमाने अभयारण्यात आग लावण्यास, पेटविण्यास किंवा आग पेटती सोडण्यास मनाई केली. १९७४ मध्ये हे डोंगर अभयारण्य घोषित झाले. सोलिगांची फिरती शेती थांबली, ते ठरावीक वस्त्यांत आले आणि तरगु बेंकीही थांबली. कायदा करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. वाघ-हत्ती नाहीसे होत चालले होते व त्यांना आसरा देणे अवश्य होते. परंतु कलम लिहिताना पुन्हा तोच जुना रकाना पुढे आला. आग म्हणजे आग!

यानंतर रानात जे घडले त्यात एका परदेशी झुडपाचा मोठा भाग आहे. महाराष्ट्रात ज्याला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात, ती लँटाना मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती या देशात आणली गेली. तिची लालपिवळी फुले मुलांना आवडतात, काळी फळे पाखरांना आवडतात, आणि पाखरे तिचे बी रानभर पेरतात. बिळिगिरिरंगन डोंगरांत १९९७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये ठरावीक तुकड्यांवर झालेल्या पाहणीत असे दिसले की अकरा वर्षांत घाणेरी असलेल्या तुकड्यांची संख्या सुमारे दुप्पट झाली होती. पुरुषभर उंचीच्या काटेरी जाळीखाली गवत उगवत नाही, आवळ्याचे रोप वर येत नाही, आणि वाळलेली घाणेरी उन्हाळ्यात चुलीतल्या काटक्यांसारखी पेट घेते.

या ठिकाणी शास्त्रज्ञांची व वनवासी वृद्धांची जी गाठ पडली ती मोठी बोधप्रद आहे. अंकिला हिरेमठ व भरत सुंदरम या अभ्यासकांनी २००५ मध्ये असे अनुमान मांडले की घाणेरी व आग एकमेकींना पोसतात : घाणेरीमुळे आग भडकते, आगीने रान उघडे पडते, उघड्या रानात घाणेरी पुन्हा माजते. सोलिग वृद्धांना विचारता ते उलट सांगू लागले. आग बंद केली म्हणून घाणेरी माजली. पूर्वी दर थोड्या वर्षांनी पाचोळा जळे, त्यात तिचे बी व कोवळी रोपे जळून जात. अभ्यासकांनी हे म्हणणे उडवून लावले नाही. २०१२ मध्ये स्थानिक लोकांच्या ज्ञानाच्या दृष्टीने या झुडपाचा स्वतंत्र विचार प्रसिद्ध झाला. वरवर पाहता दोन्ही मते परस्परविरोधी वाटतात. पण आम्हांस वाटते, ती दोन निरनिराळ्या आगींविषयी आहेत. शास्त्रज्ञ बोलत होते ती चैत्रातली, वाळल्या जाळीत शिरून झाडाच्या शेंड्याला भिडणारी आग. वृद्ध बोलत होते ती पौषातली, गुडघ्याखाली राहणारी. एका शब्दाने दोन वस्तू दाखविल्या की शहाणी माणसेही एकमेकांचे बोलणे ऐकेनाशी होतात.

आवळ्याचेही असेच. आवळ्याच्या फांद्यांवर बांडगूळ वाढून झाडे वाळू लागली. त्या बांडगुळाला सोलिग ‘उप्पिलु’ म्हणतात. आग बंद झाल्यापासून ते वाढले, धूर व धग त्याला मारी, असे वृद्धांचे म्हणणे होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात या म्हणण्याचा गंभीरपणे विचार झाला आणि केवळ मोजदाद करून ध्यानात न येणारे एक कारण अशा अनुभवातून हाती लागते, हे मान्य केले गेले.

आता या गोष्टीतील गणित पाहू. आगीला तीन गोष्टी लागतात : धग, हवा आणि जळण. रानात पहिल्या दोहोंवर माणसाची सत्ता चालत नाही. चालली तर ती जळणावर चालते. ऑस्ट्रेलियातील अग्निशास्त्रज्ञ मॅकआर्थर यांनी असा ढोबळ नियम सांगितला की जमिनीवरील जळण दुप्पट झाले तर आगीची तीव्रता सुमारे चौपट होते, कारण जळणही वाढते आणि पसरण्याचा वेगही वाढतो. म्हणून विझविलेली प्रत्येक लहान आग ही संपलेली आग नव्हे. ती पुढे ढकललेली आग होय. सरकारी तिजोरीतील देणे जसे पुढच्या वर्षावर ढकलले तर व्याजासह परत येते, तसेच हे.

व्याजासह ते कसे परत येते हे शेजारच्या बंडीपूरने पाहिले आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत तेथे आग विझवीत असता एका वनरक्षकाचा जीव गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा आग लागली आणि चार-पाच दिवसांत दहा हजार एकरांहून अधिक रान जळाले. अखेर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. त्या आठवड्यात बंगळूरच्या वृत्तपत्रांतून ‘आग कोणी लावली’ या प्रश्नाची खूप चर्चा झाली. प्रश्न योग्य होता, पण पुरता नव्हता. काडी कोणीही ओढो. वाळलेल्या घाणेरीची आणि पाचोळ्याची रास तेथे कोणी साठविली, हाही प्रश्न विचारावयास हवा होता. काडी एका माणसाची असते. रास एका धोरणाची असते.

वाचक म्हणतील, वनखाते काय हातावर हात ठेवून बसते? मुळीच नाही. दर हिवाळ्यात रस्त्यांच्या कडेने, सीमांवरून, टेकड्यांच्या माथ्यांवरून पट्टे कापून ते जाळले जातात. महाराष्ट्रातील वनखाते त्यांना ‘जाळरेषा’ म्हणते, येथील कानडीत ‘बेंकी रेखे’. २००४ पासून देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण खाते उपग्रहांच्या साह्याने आगीची सूचना राज्यांना देऊ लागले. हंगामी अग्निरक्षक नेमले जातात. ते बहुधा त्याच वस्त्यांतील आदिवासी तरुण असतात. २०१८ मध्ये वणव्यांविषयी राष्ट्रीय कृतियोजनाही तयार झाली. देशातील सुमारे ३६ टक्के वनक्षेत्राला वणव्याची भीती आहे, असे सरकारी पाहणीच सांगते. परंतु जाळरेषेचा अर्थ असा की रेषेवर जी आग हितकर म्हणून खाते स्वतः लावते, तीच रेषेच्या आत चार पावलांवर अपराध ठरते. रेषेवर जळण कमी होते, आत ते वाढत राहते, आणि वारा सुटला की ठिणगी रेषा मोजीत बसत नाही.

तथापि ‘पूर्वीचे सारे चांगले’ असे म्हणून हातात काडी घेण्याचा उपदेश आम्ही करीत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बंडीपूरला लागून असलेल्या मुदुमलैमध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून पन्नास हेक्टरांच्या एका तुकड्यातील झाडांची नोंद ठेवली आहे. त्या परिसरातील अभ्यासावरून दिसते की आग फार वरचेवर आली तर रोपे मोठी होण्यास अवसरच मिळत नाही आणि रान म्हातारे होत जाते. शिवाय पन्नास वर्षांत रानाचा पालट झाला आहे. जेथे पुरुषभर घाणेरी आहे तेथे आज तरगु बेंकी लावली तर ती तरगु बेंकी राहणार नाही. तिचा वणवाच होईल. आधी घाणेरी हातांनी, मुळासकट काढावी लागेल, मग गवत येऊ द्यावे लागेल, आणि त्यानंतरच कोठे पौषातल्या त्या आगीला जागा मिळेल. सदाहरित शोलावने, दऱ्यांतील ओली राने यांना तर ती कधीच नको होती; आणि सोलिगही ती तेथे लावीत नसत.

ज्यांच्या हाती रान आहे त्यांना हा विवेक असतो याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विदर्भात तेंदूपत्ता चांगला फुटावा म्हणून उन्हाळ्यापूर्वी रान जाळण्याची रीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या लहानशा गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आणि तेंदूच्या उत्पन्नावर पाणी सोडून त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावाव्या लागतात. येथे हक्क मिळाल्यावर लोकांनी आग लावली नाही, थांबविली. म्हणजे आग कोठे लावावी व कोठे लावू नये हे सांगणारे ज्ञान एकच आहे. अर्धे ठेवून अर्धे मारता येत नाही.

बिळिगिरिरंगन डोंगर २०११ साली व्याघ्रप्रकल्प झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथील २५ ग्रामसभांना २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्रप्रकल्पात असे हक्क मान्य होण्याची देशातील ती पहिलीच वेळ. मध, आवळा, दगडफूल यांवरील त्यांचा अधिकार कागदावर आला. आग लावण्यास मनाई करणारे कलम मात्र जागच्या जागी राहिले. दूर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, आर्नहेमच्या भूमीत, २००६ पासून तेथील आदिवासींनाच कोरड्या ऋतूच्या आरंभी रान थोडे थोडे जाळण्याचे काम देण्यात आले आहे, आणि त्यामुळे मोठे वणवे व धूर कमी होतो म्हणून त्यांना त्याचा मोबदलाही मिळतो. तेथे वृद्ध माणसे दिशा दाखवितात व तरुण काडी ओढतात. जाळण्याची वेळ आणि वाट दोन्ही मोजल्या जातात, नोंदल्या जातात. अशी एखादी नोंदवही आपल्याकडे उघडण्यास कोणती अडचण आहे? घाणेरी काढलेले चार-दोन तुकडे, वृद्ध सोलिगांचा सल्ला, वनरक्षकांची हजेरी, शास्त्रज्ञांची मोजमापे आणि कलमातून तेवढ्यापुरती लेखी परवानगी. आरंभाला याहून अधिक काही लागत नाही.

लागतो तो वेळ, आणि तो मात्र थोडा आहे. १९७४ मध्ये जो सोलिग तरुण वीस वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. वारा कोणत्या बाजूने असता पाचोळा कोठून पेटवावा, दव किती पडले म्हणजे आग रात्री निवेल, कोणत्या वर्षी मुळीच पेटवू नये, हे त्याने आपल्या बापामागे चालून शिकलेले आहे. त्याच्या मुलाने शिकलेले नाही, कारण मुलाच्या आयुष्यात ते शिकणे हा अपराध होता. कायदा बदलता येतो. अधिनियमाला दुरुस्ती होते, कलमाला परंतुक जोडता येते, परिपत्रक मागे घेता येते. सरकारी दप्तरात आम्ही हे रोज पाहतो. परंतु कलमाला परंतुक जोडले जाईल त्या दिवशी पाचोळ्याची आग लावू जाणणारा एखादा तरी माणूस त्या डोंगरात हयात असावयास हवा. तो नसेल तर परवानगी कोणाच्या हाती द्यावयाची?